मलमातला अर्क काम करतो, की नुसतं मलम?

रानजाई

सोरायसिस, एक्झिमा, कोड हे वर्षानुवर्षं सोबत राहणारे त्वचेचे आजार. कधी दबतात, कधी उसळतात, पण सहसा पूर्ण जात नाहीत. साहजिकच माणूस गोळ्या-मलमांबरोबर झाडपाल्याकडेही वळतो. रोज कुठे ना कुठे बातमी येते की अमुक पानांच्या अर्काने सोरायसिस बरा होतो, 'संशोधनातून सिद्ध'. मी वनौषधींच्या प्रयोगशाळेत काम करते, अर्क काढणं आणि त्यांची तपासणी करणं हेच रोजचं काम. असा अर्क तपासतात कसा आणि कुठल्या तपासणीवर किती विसंबायचं, यावर इथे सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

सुरुवात कोरफडीपासून करते. १९९६ साली सोरायसिसच्या ६० रुग्णांवर कोरफडीच्या क्रीमची चाचणी प्रसिद्ध झाली. कोरफड लावलेल्यांपैकी ८३ टक्के बरे झाले, नुसतं क्रीम लावलेल्यांपैकी जेमतेम ७ टक्के. आकडे डोळे दिपवणारे होते आणि आजही तेच सगळीकडे फिरतात. पुढे २००५ मध्ये डेन्मार्कमध्ये ४१ रुग्णांवर चाचणी झाली. प्रत्येकाच्या अंगावरच्या एका बाजूच्या चट्ट्यांना कोरफडीचं जेल, दुसऱ्या बाजूच्या चट्ट्यांना कोरफड नसलेलं जेल. कोरफडीच्या बाजूला ७२.५ टक्के जागी लाली, जाडी आणि खपल्या कमी झाल्या. आणि कोरफड नसलेल्या बाजूला? ८२.५ टक्के जागी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तुलनेची बाजू झाकली असती तर 'कोरफडीने जवळजवळ तीन चतुर्थांश जागी सुधारणा' अशी बातमी झाली असती आणि त्यात एकही शब्द खोटा नसता.

नुसत्या मलमाने एवढा फरक कसा पडतो? कारण मलम हेच औषध आहे. सोरायसिस आणि एक्झिमात त्वचेचा वरचा थर नीट शाबूत नसतो, त्यातून पाणी उडत राहतं. त्यावर कुठलाही स्निग्ध लेप बसला की पाणी टिकतं, खपल्या मऊ पडून निघतात, खाज उतरते. शिवाय रुग्ण चाचणीत दाखल होतो तो आजार उसळलेला असताना. उसळी आपोआप ओसरते आणि त्याचं श्रेय तेव्हा हातात जी ट्यूब असेल तिला मिळतं. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: तुलना कशाशी केली? काहीच न लावणाऱ्यांशी केली असेल तर आपण मलमाची परीक्षा घेतली, झाडाची नाही. तेच मलम, तीच ट्यूब, फक्त आत अर्क नाही, अशी तुलना हवी.

आता प्रयोगशाळेबद्दल. पानं सावलीत वाळवून भरड दळतात, अल्कोहोलमध्ये भिजवतात, गाळतात आणि अल्कोहोल उडवून लावतात. भांड्याच्या तळाशी काळपट हिरवा, चिकट, उग्र वासाचा गोळा उरतो. तो म्हणजे अर्क. त्यात शेकडो रसायनं असतात. पावसाळ्यात तोडलेल्या पानांचा आणि उन्हाळ्यात तोडलेल्या पानांचा अर्क सारखा निघत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याचा रासायनिक ठसा घ्यावा लागतो आणि ओळखीचा एखादा घटक किती आहे ते मोजावं लागतं. वापरलेल्या झाडाची वाळवलेली फांदी वनस्पतिसंग्रहात जमा करावी लागते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर झाड नेमकं कुठलं ते दाखवता येतं. ज्या शोधनिबंधात हे काहीच नाही, तो मी पुढे वाचत नाही.

मग अर्क प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर घालतात. इथे जवळजवळ प्रत्येक वनस्पती 'दाहशामक' ठरते. टॅनिनसारखी रसायनं समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, आणि मात्रा वाढवत नेली की काही ना काही परिणाम दिसतोच. बशीतल्या पेशींवर त्वचेचं कवच नसतं. माणसाच्या त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू आत जाणं अवघड, आणि वनस्पतींमधले कितीतरी नावाजलेले घटक त्याहून मोठे असतात. त्यानंतर उंदीर. उंदराच्या पाठीवर इमिक्विमॉड नावाचं क्रीम लावून सोरायसिससारखी लाली आणतात, ही पद्धत २००९ पासून रूढ झाली. पण उंदराची त्वचा पातळ आणि केसाळ, आणि ती लाली क्रीम थांबवलं की काही दिवसांत आपोआप जाते. जुनाट आजाराची परीक्षा तिथे होत नाही.

बशी आणि उंदीर हे टप्पे निरुपयोगी आहेत असं नाही, पुढे कुठला अर्क न्यायचा ते त्यावरून ठरतं. पण 'बरा होतो' हा शब्द तिथे वापरू नये.

कृष्णमेघ

धागा मन लावून वाचला. मला कॉलेजपासून सोरायसिस आहे, कोपर, गुडघे आणि टाळू. तुम्ही लिहिलंय ते पटतंय, पण वाचून थोडं खचायलाही झालं. म्हणजे झाडपाल्याचं सगळं श्रेय मलमाच्या बेसचंच का? अशी एखादी वनस्पती आहे का, जी या तुलनेत टिकली?

रानजाई

@कृष्णमेघ, आहे. नीळ.

चिनी वैद्यकात 'चिंग दाय' नावाची निळी भुकटी फार जुन्या काळापासून वापरतात. निळीचा रंग देणाऱ्या काही वनस्पतींच्या पानांपासून ती करतात. पूर्वी सोरायसिससाठी ती पोटातून द्यायचे, पण त्याने पोट बिघडायचं आणि यकृतावर ताण यायचा. तैवानमधल्या एका गटाने तिचं मलम केलं आणि २००८ मध्ये ४२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एकाच माणसाचे दोन सारखे चट्टे, एकावर निळीचं मलम, दुसऱ्यावर नुसता बेस, १२ आठवडे. ४२ पैकी ३१ जणांचा निळीखालचा चट्टा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला. बेसखालच्या चट्ट्यांत सुधारणा त्या मानाने फारच कमी होती.

अडचण रंगाची. मलम गडद निळं, त्यामुळे कुठल्या चट्ट्यावर काय लावलंय हे रुग्णापासून लपवता येत नव्हतं. म्हणून निदान गुण देणाऱ्या डॉक्टरांपासून तरी ते लपवलं गेलं. कपडे-चादरी निळ्या व्हायच्या हा वेगळाच त्रास. पुढे त्याच गटाने रंग कमी केलेला तेली अर्क काढला आणि सोरायसिसच्या नखांवरही तपासला.

मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. निळीतला इंडिरुबिन हा घटक पेशीतल्या एएचआर नावाच्या ग्राहकाला, म्हणजे ठरावीक रेणू येऊन चिकटला की पेशीचं काम बदलणाऱ्या प्रथिनाला, जागं करतो. जुनं डांबर-मलमही त्याच वाटेने जातं असं नंतर दिसून आलं. आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने सोरायसिससाठी मान्य केलेलं टॅपिनारॉफ हे क्रीमही याच ग्राहकावर काम करतं. ते मुळात एका जिवाणूत सापडलं, झाडात नाही. तिघांचे उगम निराळे, पण कुलूप एकच. असं जुळून येतं तेव्हा वनस्पतीबद्दलचा विश्वास वाढतो.

तांबडफुटी

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून थोडी भर घालते.

आमच्या विषयातली जुनी औषधं झाडांतूनच आली आहेत. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची पिवळी भुकटी पोर्तुगीजांमार्फत जगभर गेली आणि तिचं नाव पडलं 'गोवा पावडर'. ती गजकर्णावर लावायचे. एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर चालते हे नोंदवलं. पहिल्या महायुद्धात तो माल मिळेना, तेव्हा जर्मनीत तिच्यासारखा रेणू कारखान्यात बनवला गेला आणि १९१६ मध्ये डिथ्रानॉल वापरात आलं. आम्ही ते आजही काही रुग्णांना देतो. चट्ट्याभोवतीची चांगली कातडी भाजते, अंगाला आणि कपड्यांना तपकिरी डाग पडतात, म्हणून थोडा वेळ लावून धुवायला सांगतो.

दुसरं सोरालेन, त्वचेला अतिनील किरणांसाठी जास्त संवेदनशील करणारं रसायन. इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणाऱ्या अमी मॅजस या वनस्पतीतून आणि आपल्या ओळखीच्या बावचीतून मिळतं. १९४० च्या दशकात इजिप्तमधल्या डॉ. एल मोफ्ती यांनी ते कोडावर वापरून पाहिलं. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेन अधिक अतिनील-ए किरण ही सोरायसिसची उपचारपद्धती प्रसिद्ध झाली. उत्तम गुण यायचा. पण वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर दिसलं की खूप सत्रं घेतलेल्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतं. हे १२ आठवड्यांच्या चाचणीत कधीच कळलं नसतं.

बावचीबद्दल कळकळीची विनंती: बियांचं तेल चट्ट्यावर लावून स्वतःच्या मनाने उन्हात बसू नका. नेम नसलेली मात्रा आणि नेम नसलेलं ऊन. तळहाताएवढे फोड घेऊन आलेले रुग्ण मी तपासले आहेत, आणि कोडात भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो.

मधुमालती_वैद्य

चर्चा चांगली चालली आहे, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. तुम्ही सगळे एक वनस्पती, एक अर्क, एक मलम असंच तपासता. आयुर्वेदात कुष्ठाची (म्हणजे एकूणच त्वचारोगांची) चिकित्सा अशी होत नाही. रुग्णाची प्रकृती, अग्नी, दोषांची अवस्था बघून शोधन (शरीरशुद्धी), मग शमन (दोष शांत करणारी औषधं), पथ्य. दोन रुग्णांना एकच काढा मिळेल असं नाही. अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क हा आमचा काढाही नव्हे. मग तो अपयशी ठरला तर शास्त्र अपयशी ठरलं असं कसं म्हणणार?

रानजाई

@मधुमालती_वैद्य, अल्कोहोलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पाण्यात उकळलेल्या काढ्यात आणि अल्कोहोलच्या अर्कात वेगवेगळी रसायनं उतरतात. परंपरेचं नाव घेऊन दुसरंच काही तपासायचं, हे आमच्या क्षेत्रात सर्रास होतं आणि मला ते खटकतं.

पण अनेक वनस्पतींचा काढा तपासता येत नाही, हे मान्य नाही. १९९२ मध्ये लंडनमध्ये दहा वनौषधींच्या चिनी काढ्याची एक्झिमावर चाचणी झाली. तुलनेसाठी चवीला आणि वासाला तसाच, पण निरुपद्रवी वनस्पतींचा काढा तयार केला होता. मुलांत आणि मोठ्यांत दोन्हीकडे खऱ्या काढ्याने लक्षणीय गुण आला. नंतर हाँगकाँगमध्ये तोच काढा तपासला तेव्हा, १९९९ च्या अहवालात, फरक दिसला नाही. असं का झालं यावर वाद होऊ शकतो, पण तो निदान आकडे समोर ठेवून होतो.

हाँगकाँगमध्येच २००७ मध्ये पाच वनौषधींच्या कॅप्सूलची ८५ मुलांवर चाचणी झाली. एक्झिमाच्या तीव्रतेच्या गुणांकात दोन्ही गटांत फरक नव्हता. पण वनौषधी घेणाऱ्या मुलांना स्टिरॉइड मलम कमी लागलं आणि त्यांचं रोजचं जगणं सुधारलं. याला यश म्हणायचं की अपयश? मी नुसतं अपयश म्हणणार नाही.

प्रकृतीनुसार औषधही तपासता येतं. वैद्यांनी प्रत्येकाला हवं ते लिहून द्यावं, आणि औषध देणाऱ्या तिसऱ्या माणसाने चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ते आणि निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय द्यावं. वैद्यालाही कळू नये, रुग्णालाही नाही.

मधुमालती_वैद्य

अशी चाचणी कुणी आखली तर मी सहभागी होईन. फक्त १२ आठवडे पुरणार नाहीत. जुनाट कुष्ठात शोधनानंतर पुन्हा उठतं की नाही, हे बघायला वर्ष तरी द्यावं लागेल.

तांबडफुटी

वर्षाच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्याकडच्या औषधांनाही हाच निकष लावला पाहिजे.

सायलीची_आई

माझ्या मुलीला तान्ही असल्यापासून एक्झिमा आहे. रात्रभर खाजवायची, चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. कुणीतरी 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' लिहिलेलं क्रीम दिलं. दोन-तीन दिवसांत कातडी मऊ झाली, आम्हाला देव पावल्यासारखं झालं. क्रीम थांबवलं की दुप्पट उठायचं. डॉक्टरांनी डबी बघून विचारलं, 'हे तपासून घेतलंय का?' तेव्हापासून मनात भीती आहे. हर्बल क्रीममध्ये दुसरं काही असू शकतं का?

तांबडफुटी

@सायलीची_आई, हो, असू शकतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये त्वचारोगांसाठी दिलेली ११ चिनी हर्बल क्रीम तपासली, त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. लेबलवर त्याचा उल्लेख नव्हता.

दोन-तीन दिवसांत लख्ख फरक आणि थांबवल्यावर दुप्पट उसळी, हे आम्हाला स्टिरॉइडची शंका घ्यायला लावणारं चित्र आहे. डबी टाकून देऊ नका, डॉक्टरांकडे द्या. बरेच दिवस लावलं असेल तर एकदम बंद करू नका, कसं कमी करायचं ते त्यांना विचारा. कातडी पातळ झाली आहे का, मुलीची उंची-वजन नीट वाढतंय का, हेही ते बघतील. आणि योग्य ताकदीचं, मोजून-मापून दिलेलं स्टिरॉइड मलम एक्झिमात सुरक्षित असतं, त्याची धास्ती घेऊ नका. घातक आहे ते लपवलेलं. तुमचा यात काहीही दोष नाही, मूल तळमळत असताना कुठलीही आई हेच करते.

रानजाई

यात संशोधकांसाठीही धडा आहे. बाजारातलं तयार 'हर्बल' मलम घेऊन चाचणी करणार असाल तर आधी त्यात स्टिरॉइड नाही ना हे तपासा. नाहीतर झाडाच्या नावावर स्टिरॉइडचा निकाल छापला जाईल.

अनुष्टुभ

मी संख्याशास्त्राचा माणूस, वैद्यकातला नाही. रानजाई, तुमची पहिली पोस्ट फार आवडली, त्याला जोडून दोन गोष्टी.

एक, यशाची मोजपट्टी चाचणी सुरू होण्याआधी जाहीर झालेली असावी. लाली, जाडी, खपल्या, खाज, झोप अशा वीस गोष्टी मोजल्या तर एखादी योगायोगानेही 'लक्षणीय' ठरते, आणि नेमकी तीच मथळ्यात जाते.

दोन, खरा फरक बहुधा माफक असतो, तो दिसायला माणसं पुरेशी लागतात. बर्च झाडाच्या सालीतल्या ट्रायटर्पीन नावाच्या रसायनांचं जेल घ्या. ज्यांची कातडी जन्मतःच जराशा घर्षणाने सोलून निघते, त्या एपिडर्मोलिसिस बुलोसाच्या २२३ रुग्णांवर ते तपासलं. ४५ दिवसांत ठरलेली जखम भरली ती बर्चच्या गटात ४१.३ टक्के रुग्णांची, नुसत्या जेलच्या गटात २८.९ टक्के. वीस-पंचवीस रुग्णांत हा फरक निसटला असता. या निकालावर युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कोरफडीच्या ८३ विरुद्ध ७ शेजारी हे आकडे फिके दिसतात, पण माझा विश्वास यांच्यावर जास्त आहे.

उलट टोकाचं उदाहरण ईव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या तेलाचं. एक्झिमासाठी वर्षानुवर्षं लोकांनी त्याच्या कॅप्सूल घेतल्या. ब्रिटनने २००२ मध्ये त्याचा औषधाचा परवाना काढून घेतला. २०१३ मध्ये कॉक्रेन या, झालेल्या चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेने त्याच्या आणि बोरेज या दुसऱ्या वनस्पतीच्या तेलाच्या मिळून २७ चाचण्या, सुमारे १६०० रुग्ण, एकत्र तपासले. निष्क्रिय कॅप्सूलपेक्षा काही जास्त पदरात पडलं नाही.

पिंपळपान

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. हळदीचं काय? तिच्यावर तर ढीगभर संशोधन आहे.

रानजाई

@पिंपळपान, ढीग आहे, पण बराचसा बशीतला. हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन. ते पोटातून घेतलं तर रक्तात फारच थोडं पोहोचतं, आणि बशीतल्या चाचण्यांत ते खोटे सकारात्मक निकाल देतं म्हणून औषधरसायनतज्ज्ञांत बदनाम आहे. २००८ मध्ये सोरायसिसच्या १२ रुग्णांना रोज ४.५ ग्रॅम देऊन बघितलं. दोघांना चांगला गुण आला, पण तुलनेचा गटच नव्हता, त्यामुळे तो हळदीचा की आपोआप आलेला हे सांगता येत नाही.

कृष्णमेघ

माझ्या डॉक्टरांनी एका वनस्पतीजन्य मलमाच्या चाचणीत नाव द्यायचं का असं विचारलं आहे, म्हणूनच मघाचा प्रश्न होता. हो म्हणण्याआधी काय विचारू?

तांबडफुटी

@कृष्णमेघ, जरूर विचार करा, तुमच्यासारख्यांशिवाय यातलं काहीच पुढे सरकत नाही. तुलना कशाशी आहे, हे इथे सगळ्यांनी सांगितलंच आहे, तो प्रश्न पहिला. चाचणी सुरू व्हायच्या आधी सार्वजनिक नोंदणीत नोंदलेली आहे का, आणि नैतिकता समितीची मान्यता आहे का, याचा क्रमांक मागा. तुमची चालू औषधं किती दिवस थांबवावी लागतील आणि मध्येच आजार उसळला तर कोण बघणार, कुठली औषधं मिळणार, हे लेखी असू द्या. मध्येच बाहेर पडलात तरी नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हेही संमतिपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे. आणि पूर्वी कुठल्या झाडाची, फुलाची, सुगंधी तेलाची ॲलर्जी झाली असेल तर न विचारताही सांगा. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या वनस्पतींनी चट्ट्यावर नवा एक्झिमा उठू शकतो.

कृष्णमेघ

लिहून घेतलं. एक राहिलं: टाळूला ते मलम लावणार नाहीत म्हणे, फक्त कोपर. मग टाळूचं औषध चालू ठेवता येईल का?

तांबडफुटी

बऱ्याच चाचण्यांत टाळूला ठरावीक सौम्य औषध चालवून घेतात, पण ते चाचणीच्या आराखड्यावर आहे. स्वतःहून काही बंद करू नका. पहिल्या भेटीला जाताना सध्या लावता त्या सगळ्या ट्यूब, तेलं, शाम्पू एका पिशवीत भरून न्या, ते बघून ठरवतील.

रानजाई

आणि @कृष्णमेघ, त्या मलमातल्या वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव आणि तिचा कुठला भाग वापरलाय तेवढं विचारून इथे लिहा. आधी काय काय तपासलं गेलंय ते मी शोधून ठेवते.